एका स्वराचा सांबा: पोर्तुगीज न येता ब्राझीलचं गाणं ऐकताना

ब्राझीलचं गाणं ऐकतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘पोर्तुगीज येतं का तुला?’ नाही म्हटलं की लगेच दुसरा: ‘मग कळतं काय त्यात?’ प्रश्न वाजवी आहे. ‘संगीताला भाषा नसते’ असं गुळगुळीत उत्तर देऊन मोकळं होता येतं, पण ते खरं नाही. संगीताला भाषा असते, व्याकरणही असतं, आणि ब्राझीलच्या संगीताचं व्याकरण आपल्याहून बरंच निराळं आहे. म्हणजे अडचणी दोन. शब्द कळत नाहीत ही एक आणि ते सूर कसे ऐकायचे याची कानाला सवय नाही ही दुसरी. पहिलीची सगळे काळजी करतात. आड येते ती बहुतेक वेळा दुसरीच.

शब्द न कळता ऐकण्यात तर आपण चांगले मुरलेले आहोत. ख्यालाच्या मैफलीत बसलेल्या किती जणांना ब्रज भाषेतली बंदिश शब्दन् शब्द कळते? तराण्यात अर्थाचे शब्द जवळजवळ नसतातच. भीमसेन जोशींची कन्नड दासवाणी महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनी मनापासून ऐकली, ती काही आधी कन्नडची शिकवणी लावून नव्हे. पण तिथे भाषा परकी असली तरी राग आणि ताल घरचे असतात. ब्राझीलच्या गाण्यात तो आधार नसतो. तेव्हा आधी तोच उभा करू आणि त्यासाठी एकच गाणं नीट ऐकू.

गाण्याचं नाव ‘सांबा जी उमा नॉता सॉ’, म्हणजे एकाच स्वराचा सांबा. सांबा हा ब्राझीलचा नाचा-गाण्याचा प्रकार. इंग्रजीत ते ‘वन नोट सांबा’ म्हणून ओळखलं जातं. रिओ दि जानेरोच्या तॉम जोबिम आणि न्यूटन मेंडोन्सा या दोन पियानोवादक मित्रांनी ते मिळून रचलं आणि गायक-गिटारवादक जुआंव जिलबेर्तोने १९६० सालच्या आपल्या तबकडीत गायलं. मेंडोन्सा त्याच वर्षी हृदयविकाराने गेला, जेमतेम तेहतिशीत. गाणं दोन मिनिटांच्या आत संपतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा ऐकायला सोपं.

पहिल्यांदा ऐकाल तर वाटेल की गायकाची सुई अडकली आहे. एकच सूर, एकच सूर, परत तोच. मग थोडा वेळ त्याच्या वरचा दुसरा एक सूर, तोही तसाच टोचत राहिलेला, आणि पुन्हा पहिला. राग-विस्ताराची सवय असलेला माणूस इथेच कंटाळतो. बढत कुठे आहे? आलापाची जागा कुठे आहे? पण हा माणूस जिथे काही घडत नाही तिथे बघतोय. घडतंय ते खाली, गिटारमध्ये.

घरात पेटी असेल तर काढा, नसेल तर मोबाइलवर पियानोचं एखादं ॲप चालेल. उजव्या हाताची करंगळी पांढरी चारवर ठेवा आणि आता काही झालं तरी ती उचलायची नाही. अंगठा तिच्याखाली पांढरी दोनवर ठेवा. भाता ओढा आणि दोन्ही सूर एकदम ऐका. मग फक्त अंगठा सरकवा: पांढरी दोनवरून काळी एकवर, तिथून पांढरी एकवर आणि तिथून खालच्या सप्तकातल्या पांढरी सातवर. चार ठिकाणं, शेजारी शेजारी, अर्ध्या अर्ध्या सुराने उतरत जाणारी. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबा.

करंगळी जागची हललेली नाही. तरीही वरचा सूर चार वेळा चार प्रकारचा लागला असेल. आधी जरा उदास, मग उजळ, मग अधांतरी, आणि शेवटी असा काही अस्वस्थ की पुढे काहीतरी व्हायलाच हवं. हे भास नाहीत. दर वेळी अंगठ्याखालच्या सुराला षड्ज मानून बघा. पांढरी दोन हा सा धरला तर करंगळीखालचा सूर होतो कोमल गंधार. काळी एक हा सा धरला तर शुद्ध गंधार. पांढरी एक धरली तर शुद्ध मध्यम आणि खालची पांढरी सात धरली तर तीव्र मध्यम. सूर एकच, पण तो कोमल ग, शुद्ध ग, शुद्ध म, तीव्र म असा पायरी पायरीने चढत गेला. चढवला कुणी? खालून निसटणाऱ्या सा-ने.

या गाण्याचा सगळा डाव एवढाच आहे. गिटार एका सुराऐवजी दर वेळी तीन-चार सूर एकत्र छेडते, त्या जुडग्याला कॉर्ड म्हणतात, आणि त्यातला सर्वांत खालचा सूर तुमच्या अंगठ्यासारखा उतरत जातो. वर गायक करंगळी रोवून बसलेला. गाणाऱ्याची पट्टी वेगळी असेल, पण सुरांमधली अंतरं हीच.

आपल्या कानाला हे पटकन का पकडता येत नाही, याचं कारण तानपुरा. षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. गायक वाटेल तिथे हिंडून येतो, सा जागच्या जागी. या गाण्यात गायक जागच्या जागी आणि सा हिंडतोय. मुरलेले गायक मूर्च्छनेच्या अंगाने षड्ज बदलल्याचा भास निर्माण करतात आणि टाळी घेतात, पण तो मैफलीतला एखादा क्षण. इथे दर काही मात्रांनी तेच चाललेलं असतं, आणि टाळी कुणी वाजवत नाही, कारण ब्राझीलच्या श्रोत्याला त्यात नवल नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतातही ही युक्ती जुनीच. शोपँ या संगीतकाराच्या ई मायनरमधल्या एका प्रिल्यूडमध्ये, म्हणजे पियानोच्या छोट्या रचनेत, वरची धून एखाद-दोन सुरांवर रेंगाळते आणि खालचे सूर ओघळत जातात. जर्मनीहून ब्राझीलला आलेल्या कोएलरॉयटर नावाच्या संगीतकाराकडे जोबिम पोरवयात पियानो शिकला होता. हे सगळं त्याच्या हातात होतं. त्याने ते सांब्यात आणलं आणि वर मुद्दाम बोट ठेवून दाखवलं.

कॉर्ड हा प्रकार मराठी कानाला अगदीच परका, असंही नाही बरं का. हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या काळात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये वाद्यमेळ लिहिणारे आणि वाजवणारे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट हे गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकवलं जाई. ते शिक्षण पोटापाण्यासाठी मुंबईला आलं आणि रेडिओतून घराघरात गेलं. म्हणजे गायिकेच्या आवाजामागे सरकणारे कॉर्ड आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय. फक्त तिकडे लक्ष द्यायची वेळ आली नाही, कारण चाल आणि शब्द दोन्ही कळत होते. भाषा न येण्याचा हा एक फायदा म्हणायला हरकत नाही. शब्दांमागे धावणारं लक्ष मोकळं होतं आणि खाली उतरतं.

आता गाण्याकडे परत. एका सुराचा भाग संपतो आणि मध्येच गायक सुसाट सुटतो. वर-खाली, वर-खाली, सप्तकभर पळणारी तान म्हणावी अशी ओळ, शब्दांची नुसती सरबत्ती. मग तीच ओळ एक पायरी खाली उतरून पुन्हा. इतका वेळ एका सुरावर बसलेल्या माणसाला एकदम काय झालं? फार काळ नाही. दोन फेऱ्या मारतो आणि परत आपल्या त्या एका सुरावर येऊन बसतो.

मग शेवटच्या कडव्यात एक जागा येते, तिथे कान टवकारा. रे, मि, फा, सोल, ला, सि, दो अशी स्वरांची नावं स्पष्ट ऐकू येतात. पाश्चात्त्य सरगम. पण ती सातही नावं तो एकाच सुरावर म्हणतो! कुणी ‘सा रे ग म प ध नि’ सगळं षड्जावरच म्हणून दाखवावं तसं. ज्याने आयुष्यात एकदा तरी सरगम म्हटली आहे त्याला इथे हसू फुटलं पाहिजे. ही थट्टा समजायला पोर्तुगीज लागत नाही.

आता शब्दांत काय आहे ते सांगतो. गाणारा म्हणतो, हा बघा एका स्वराचा सांबा. दुसरे स्वर येतील, पण पाया एकच. मग सूर बदलतो तेव्हा तो सांगतो, हा दुसरा स्वर म्हणजे आत्ता जे म्हणालो त्याचाच परिणाम. सुसाट पळणाऱ्या भागात म्हणतो, कितीतरी लोक बोलत सुटतात आणि सांगत काहीच नाहीत. मीही सगळं सप्तक वापरून बघितलं, हाती काही उरलं नाही. आणि परत येऊन म्हणतो, सगळे स्वर हवे असणाऱ्याला एकही मिळत नाही, तेव्हा एकावरच राहा.

थोडक्यात, गाणं स्वतःचीच चाल समजावून सांगतंय. ज्याने चाल कान देऊन ऐकली त्याला शब्दांतलं बहुतेक सगळं आधीच कळलेलं असतं. एक गोष्ट मात्र सुटते, आणि ती लहान नाही: आपल्या स्वराकडे मी परत आलो, जसा तुझ्याकडे परत येतो, असं तो मध्ये म्हणून जातो. म्हणजे हे प्रेमगीतही आहे. ते नुसत्या सुरांवरून ओळखता येत नाही. मला तरी आलं नसतं.

लयीकडे वळू. सूर हलत नाही म्हटल्यावर गायकाकडे खेळायला उरतं काय? मात्रा. त्या एका सुरावरचे आघात नीट ऐकले तर ते ठोक्यावर पडत नाहीत, ठोक्यांच्या फटीत पडतात. पायाने एक-दोन, एक-दोन धरा आणि आवाज कुठे पडतो ते बघा. पाय खाली टेकायच्या किंचित आधी, नाहीतर उचलल्यावर. हे आघात सांब्याच्या तांबोरिम नावाच्या चिमुकल्या वाद्याचे आहेत. हातात मावणारं, एका बाजूने कातडं ताणलेलं, बारीक काठीने वाजवायचं. त्याच्या जोडीला सुर्दो, म्हणजे गळ्यात अडकवलेला मोठा ढोल. सांबा दोन-दोनच्या मात्रांत चालतो आणि त्यात सुर्दोचा जड ठोका दुसऱ्या मात्रेवर पडतो. आपण समेचं वजन पहिल्या मात्रेवर टाकून वाढलेली माणसं. त्यामुळे सांबा ऐकताना आपण बऱ्याचदा उलटा ठेका धरतो आणि आपल्याला गाणं जरा लंगडतंय असं वाटतं. वजन दुसरीवर टाकून बघा, ते आपोआप चालायला लागतं.

ही लय आली कुठून, ते थोडक्यात. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली कायद्याने संपली. त्या आगेमागे ईशान्येकडच्या बाहिया प्रांतातून आफ्रिकी वंशाची अनेक कुटुंबं रिओला आली आणि त्यांच्या वस्त्यांमधून सांबा वाढला. तिया सिआता, म्हणजे सिआतामावशी, ही बाहियाची मिठाई विकणारी बाई. तिच्या घरी वादक-गायकांचा अड्डा जमे. त्या अड्ड्यातल्या दोंगाने १९१६ साली ‘पेलू तेलेफोनी’ हे गाणं राष्ट्रीय ग्रंथालयात आपल्या नावावर नोंदवलं आणि पुढच्या वर्षीच्या कार्निव्हलात ते गाजलं. गाणं सगळ्यांचं होतं, एकट्याचं नाव कसं लावलं, यावरून तेव्हाच भांडणं झाली. चार दशकांनंतर तोच सांबा समुद्रकाठच्या कोपाकबाना-इपानेमा भागातल्या मध्यमवर्गीय फ्लॅटांमध्ये पोचला. ढोल गेले, गिटार राहिली, आवाज खाली आला. या नव्या घाटाला बोसा नोव्हा म्हणतात. रस्त्यावरच्या गरिबांची चीज घेऊन दिवाणखान्यात सजवली, असा आक्षेप तिथल्या टीकाकारांनी तेव्हाही घेतला आणि अजूनही घेतात. आक्षेपात तथ्य आहे. गाणी उत्तम आहेत हेही खरंच आहे.

ढोल गेले म्हणजे ठेका गेला असं मात्र नाही. तो जुआंव जिलबेर्तोच्या उजव्या हातात आला. अंगठा खालच्या तारांवर सुर्दोचं काम करतो, सम गतीने, घड्याळासारखं. बाकीची तीन बोटं वरच्या तारा एकदम उचलतात आणि तांबोरिमचे आडवेतिडवे आघात वाजवतात. अख्खं सांबा-पथक एका हातात. हेडफोन लावून नुसता अंगठा ऐका, मग नुसती बोटं. दोन्ही वेगवेगळे ऐकू येऊ लागले की मग आवाज ऐका, कारण तो या दोघांपैकी कुणाच्याच मागे जात नाही. ओळ कधी लवकर सुरू करतो, कधी इतकी उशिरा की वाटतं हा आता चुकला. ओळीच्या शेवटी मात्र बरोबर येऊन भेटतो. आपल्याकडे बोलबाट करताना, म्हणजे बंदिशीचे शब्द लयीत खेळवताना, लयीशी असाच लपंडाव चालतो, म्हणून हा भाग मराठी श्रोत्याला लवकर आवडतो असं माझं निरीक्षण आहे. फरक इतकाच की तबलजीशी नजरानजर नाही, कारण तबलजीही तोच.

जिलबेर्तोचा जन्म १९३१ सालचा, बाहियातल्या जुआझेइरू गावचा. रिओला येऊन एका गायकसमूहात शिरला, तिथून काढला गेला, पैसे संपले, मग नातेवाइकांकडे. १९५५च्या सुमाराला दियामांतीना गावी बहिणीच्या घरी राहत असताना तो तासन्‌तास न्हाणीघरात बसून गिटार वाजवायचा. फरशांमुळे तिथे प्रत्येक तार आणि प्रत्येक श्वास ऐकू यायचा. हे दोन हातांचं आणि एका गळ्याचं गणित तिथे बसलं. १९५८ साली रेकॉर्ड कंपनीत गेल्यावर त्याने दोन मायक्रोफोन मागितले, एक गळ्याला आणि एक गिटारला, असं सांगतात. तेव्हाच्या मानाने ही मागणी चमत्कारिकच होती.

मायक्रोफोन इथे महत्त्वाचा आहे. त्याच्या आधीचे ब्राझीलचे नामवंत गायक भरघोस, कंपदार आवाजाचे. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ही त्यांची शिस्त. ते का, हे नाट्यसंगीत ऐकलेल्यांना सांगायला नको. जिलबेर्तोने कंप काढून टाकला. हरकत नाही, मुरकी नाही, सूर सरळ रेघेसारखा. आवाज बोलण्याइतकाच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ‘याला गाता येतं का?’ अशी शंका येते, आणि त्या काळी ती ब्राझीलमध्येही अनेकांना आली. या लोकांना सुरात गाता येत नाही या टोमण्यावर जोबिम-मेंडोन्साने एक अख्खं गाणं केलं, ‘देझाफिनादू’, म्हणजे बेसूर. त्याची चाल मुद्दाम अशा अवघड जागी सूर ठेवते की कच्चा गायक खरोखरच बेसूर व्हावा.

भाषेचा नादही ऐकण्यासारखा आहे, अर्थाच्या भानगडीत न पडता. ब्राझीलचं पोर्तुगीज नाकातून फार बोलतं. आंव, आंय, ओंय असे सूर सारखे येतात. गोव्यात आणि तळकोकणात वाढलेल्यांना यात काही नवं वाटणार नाही. सांजांवच्या सणात जो ‘जांव’ आहे तोच जुआंव जिलबेर्तोचा जुआंव. त्यात रिओकडची माणसं ‘दि’चा उच्चार ‘जी’ आणि ‘ति’चा ‘ची’ करतात, त्यामुळे कडक व्यंजनं मऊ पडतात आणि ओळ कुठे तुटत नाही. कुजबुजत्या गाण्याला ही भाषा फार सोयीची. आणि ती तिथे आणि इथे एकाच सुमाराला आली: १५०० साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलेला काब्रालचा पोर्तुगीज काफिला तिथून पुढे कालिकतलाच आला होता, आणि दहा वर्षांनी गोवा पडलं. मग ब्राझीलचा काजू कोकणात रुजला. तिकडचा सांबा मात्र यायला साडेचारशे वर्षं लागली, तोही अमेरिकेला वळसा घालून.

तो वळसा आपल्या विषयाचा आहे. १९६२च्या फेब्रुवारीत सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड यांनी वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात ‘जॅझ सांबा’ ही तबकडी मुद्रित केली. तिच्यात आपला एका स्वराचा सांबा होता, ‘देझाफिनादू’ही होतं. पुढच्या वर्षी ती अमेरिकेच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. आणि तिच्यात एकही शब्द नाही, सगळं वाद्यांवर. म्हणजे ब्राझीलचं हे गाणं जगाने प्रथम ऐकलं तेच शब्दांशिवाय. मग ते सगळीकडे पोचलं. आर. डी. बर्मनच्या काही गाण्यांत बोसा नोव्हाचा ठेका सहज ओळखू येतो. आणि ते लिफ्टमध्येही पोचलं, हॉटेलच्या लॉबीत, दंतवैद्याच्या प्रतीक्षालयात. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली भेट तिथलीच. त्या ठिकाणी खालचे कॉर्ड आणि अंगठा कुणाला ऐकू येणार? उरते ती गोडगोड धून, आणि लोक म्हणतात, छान आहे पण झोप येते.

इथपर्यंत वाचून वाटेल की शब्दांची गरजच नाही. तसं नाही, आणि ते दाखवायला ब्राझीलचा गायक-गीतकार शिको बुआर्कीचं १९७१ सालचं ‘कोन्स्त्रुसांव’, म्हणजे बांधकाम, पुरेसं आहे. भाषा न येता ते ऐका. एक माणूस सपाट आवाजात ओळीमागून ओळ म्हणतोय. कान तयार असेल तर आणखी दोन गोष्टी लक्षात येतील. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दात जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर आहे, जड-हलकं-हलकं. शाळेत वृत्तं शिकलेल्यांना भ गण आठवेल. दुसरं म्हणजे काही वेळाने त्याच ओळी परत येतात, फक्त शेवटचे शब्द बदललेले, एकीचा शब्द दुसरीला लागलेला. मागे वाद्यवृंद चढत जातो, तुताऱ्या गाड्यांच्या भोंग्यांसारख्या ओरडू लागतात. काहीतरी भयंकर चाललंय एवढं नक्की कळतं.

काय चाललंय ते कळत नाही. एक बांधकाम मजूर सकाळी बायकोचा निरोप घेऊन निघतो, दिवसभर भिंत रचतो, दुपारी जेवतो, आणि वरून पडून रस्त्यात मरतो. त्याच्या मरणाने रहदारी अडते, एवढीच त्याची नोंद. लष्करी राजवटीचा काळ, देशात बांधकामाची धूम, ‘प्रगती’चे डंके. शब्द अदलाबदल झाले की तोच माणूस कधी यंत्रासारखा, कधी राजकुमारासारखा वागताना दिसतो, आणि शेवट मात्र तोच. हे सगळं नुसत्या कानाने गाठता येत नाही. हे गाणं अर्थाशिवाय ऐकून ‘काय लय आहे!’ म्हणणं जरा ओशाळवाणंच.

म्हणून अनुवाद वाचावा का, याला माझं उत्तर: वाचावाच, पण लगेच नाही. अनुवाद समोर ठेवून पहिल्यांदा गाणं ऐकलं की आपण गाणं ऐकतच नाही, वाचतो. डोळे ओळीवर असतात आणि कान शब्द सापडण्याची वाट बघतो. आधी गाणं इतकं ओळखीचं होऊ द्या की पुढचा कॉर्ड कुठे जाणार ते तुम्हाला गुणगुणता येईल. मग अर्थ वाचा. आपला अंदाज कुठे जुळला आणि कुठे साफ फसला हे बघण्यात वेगळीच मजा आहे, आणि फसलेल्या जागा जास्त कामाच्या. गूगलचा अनुवाद गाण्यांना फारशी साथ देत नाही हे लक्षात असू द्या. एकाच गाण्याचे दोन-तीन माणसांनी केलेले अनुवाद मिळाले तर ते शेजारी ठेवून वाचावेत.

पुढचं गाणं कोणतं घ्यावं, असं विचाराल तर जोबिमचंच, १९७२ सालचं ‘आग्वास जी मार्सू’, मार्च महिन्यातलं पाणी. रिओकडे मार्चमध्ये उन्हाळा सरतो तो पावसात, आपल्या नेमका उलटा ऋतू. २००१ साली तिथल्या एका मोठ्या वृत्तपत्राने जाणकारांचा कौल घेतला तेव्हा ब्राझीलचं सर्वोत्तम गाणं म्हणून हेच निवडलं गेलं. ते गायिका एलिस रेजिना आणि जोबिम यांनी १९७४ साली लॉस एंजलिसमध्ये मुद्रित केलेल्या जोडगाण्यात ऐका. दोघं एकमेकांच्या तोंडचे शब्द उचलतात आणि शेवटाकडे एलिसला हसू आवरत नाही. काठी, दगड, काचेचा तुकडा, अशी वस्तूंची नुसती यादी आहे, वाक्य असं जवळजवळ नाहीच. जवळपास प्रत्येक ओळ ‘ए’ने सुरू होते, म्हणजे ‘आहे’, एवढं पोर्तुगीज पुरे. चाल बहुतांशी दोन सुरांमध्ये झुलते. आणि खाली, पहिल्या ओळीपासून, गिटार-पियानोचा सर्वांत खालचा सूर पुन्हा अर्ध्या अर्ध्या पायरीने उतरतोय. पेटी बाहेर असेलच, तर अंगठ्याने तो शोधून काढा.